नाव झाकल्यावर उरते ती व्हिस्की

न्हावा-शेवा बंदरात उतरलेला कंटेनर पुण्याच्या दिशेने निघाला की त्याला कळंबोली गाठावी लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो आणि मोठा लोखंड-पोलाद बाजारही इथेच आहे. या बाजारातली मालाची पारख रोखठोक असते. ट्रक काट्यावर चढतो, वजनाची पावती निघते, सळईची जाडी मोजली जाते आणि शंका आलीच तर तुकडा कापून प्रयोगशाळेत धाडता येतो. कारखान्याच्या नावाने भावात फरक पडतो. पण काट्यावर चढते ते लोखंड, नाव नव्हे. त्याच रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या कंटेनरमध्ये स्कॉच व्हिस्कीच्या पेट्या असतील, तर त्यांच्यासाठी मात्र असा काटा नाही. तिथे भाव ठरतो तो नाव, वय, डबा आणि कीर्ती यांवर. आतला द्रव खरोखर किती गुणाचा, हे तपासण्याचा एकच मार्ग माणसांना आजवर सापडला आहे. तो म्हणजे बाटली झाकायची, पेल्यावर केवळ क्रमांक टाकायचा आणि चाखणाऱ्याला गुण द्यायला सांगायचे.

हा शौकिनांचा खेळ वाटेल. पण त्यामागे पैशाचा प्रश्न आहे आणि तो लहान नाही. आयात स्कॉचवर भारताचे सीमाशुल्क दीर्घकाळ १५० टक्के राहिले. त्यावर राज्याचे कर वेगळे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क निर्मितिखर्चाच्या ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, तेव्हा दुकानातल्या किमती ठळकपणे उतरल्या. २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात सीमाशुल्क आधी ७५ टक्के आणि मग दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने ४० टक्के करण्याचे ठरले. तरीही एका बऱ्या सिंगल माल्टच्या बाटलीसाठी ग्राहक जे मोजतो, त्यातला मोठा वाटा कराचा, दुसरा नावाचा आणि उरलेला व्हिस्कीचा असतो. पहिल्या वाट्याबाबत ग्राहकाच्या हाती काही नाही. दुसरा आणि तिसरा वेगळे करून पाहणे मात्र त्याला शक्य आहे.

ही कसोटी जिथे सर्वाधिक लागू पडते तो प्रांत म्हणजे स्वतंत्रपणे बाटलीबंद केलेली स्कॉच. हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून तो थोडा उलगडून सांगायला हवा. स्कॉटलंडमधील बहुतेक डिस्टिलऱ्यांचा माल मूलतः मिश्र व्हिस्कीसाठी बनत आला. तो पिंपांतून दलालांमार्फत आणि अदलाबदलीने एकमेकांकडे जाई. या व्यवहारात काही व्यापारी स्वतःसाठी पिंपे घेऊन ठेवू लागले आणि वर्षानुवर्षे मुरवून स्वतःच्या नावाने बाटल्या भरू लागले. ॲबर्डीनमध्ये १८४२ साली सुरू झालेली कॅडनहेड ही यातली सर्वांत जुनी पेढी मानली जाते. एल्गिन गावच्या किराणा दुकानातून १८९५ मध्ये उभी राहिलेली गॉर्डन अँड मॅकफेल, १९८८ ची सिग्नेटरी ही पुढची नावे. यांतली गॉर्डन अँड मॅकफेल आता या धंद्यातून हळूहळू बाहेर पडत आहे. २०२४ पासून इतरांच्या व्हिस्कीने नवी पिंपे भरणे थांबवून स्वतःच्या डिस्टिलऱ्यांकडे लक्ष देण्याचा निर्णय तिने २०२३ मध्ये जाहीर केला. अर्थात आधी भरलेली पिंपे तिच्या गोदामांत अजून कित्येक वर्षे पुरतील.

या बाटल्यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांतली व्हिस्की बहुधा एकाच पिंपातली असते. सुमारे २५० लिटरचे एक पिंप घेतले आणि स्कॉटलंडच्या थंड हवेत दर वर्षी साधारण दोन टक्के उडून जातात असे धरले, तर बारा वर्षांनी १९६ लिटर उरतात. म्हणजे ७०० मिलिलिटरच्या २८० बाटल्या. त्या संपल्या की ती व्हिस्की जगातून संपली. शेजारचे पिंप त्याच दिवशी, त्याच भट्टीतून भरलेले असले तरी त्याची चव वेगळी निघते, कारण लाकूड वेगळे. मोठ्या कंपन्या शेकडो पिंपे एकत्र करून हा फरक मिटवतात आणि वर्षानुवर्षे एकसारखी चव देतात. स्वतंत्र बाटलीवाले नेमका तो फरकच विकतात. त्यामुळे डिस्टिलरीच्या लौकिकावरून बाटलीतल्या व्हिस्कीचा अंदाज बांधणे इथे धोक्याचे असते. नामांकित डिस्टिलरीचे एखादे पिंप पार मिळमिळीत निघते आणि कोणी नाव न घेणाऱ्या डिस्टिलरीचे पिंप थक्क करून सोडते.

त्यात नावांचाही गमतीदार लपंडाव आहे. काही डिस्टिलऱ्या पिंप विकतात, पण आपले नाव लेबलवर छापू देत नाहीत. मग लेबलवर केवळ प्रदेशाचा उल्लेख येतो. काही ठिकाणी तर पिंपात दुसऱ्या डिस्टिलरीच्या माल्टचा चमचाभर अंश मुद्दाम मिसळला जातो; तेवढ्याने ती कायद्याने ‘सिंगल’ माल्ट उरत नाही आणि मूळ नाव वापरण्याचा हक्क आपोआप जातो. १९८३ मध्ये एडिंबराच्या लीथ भागात स्थापन झालेल्या स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटीने यावर आकड्यांचा तोडगा काढला. प्रत्येक डिस्टिलरीला एक क्रमांक आणि टिंबानंतर पिंपाचा क्रमांक. १ म्हणजे ग्लेनफार्क्लस. याच यादीत पुढे गोव्यातील कुंकळ्ळीच्या पॉल जॉन या डिस्टिलरीला १३४ हा क्रमांक मिळाला. नियमित सदस्यांना हे आकडे पाठ असतात, हा भाग निराळा. पण नाव मागे सारून चव पुढे आणण्याची कल्पना या व्यवस्थेत मुळापासून आहे.

नाव झाकणे इतके गरजेचे का, याचे उत्तर व्हिस्कीत नसून माणसाच्या मेंदूत आहे. फ्रान्समधील बोर्दो येथे झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात वारंवार सांगितला जातो. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली गेली आणि तीच वाइन गंधहीन लाल रंग घालून दुसऱ्या पेल्यात दिली गेली. लाल रंगाच्या पेल्याचे वर्णन करताना विद्यार्थ्यांनी रेड वाइनसाठी राखीव असलेले शब्द वापरले. नाकापेक्षा डोळ्याचा शब्द मोठा ठरला. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली. महागड्या म्हणून सांगितलेल्या पेल्याला लोकांनी अधिक पसंती दिलीच. शिवाय मेंदूच्या चित्रणात सुखाशी निगडित भागाची हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे लोक खोटे बोलत नव्हते. महाग आहे असे कळताच त्यांना ती खरोखरच अधिक चांगली लागली. देवगडचा शिक्का असलेली पेटी उघडताना घरभर जो दरवळ जाणवतो, त्यातला किती आंब्याचा आणि किती शिक्क्याचा, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नसावा.

व्हिस्कीत रंगाचा मोह तर अधिकच फसवा आहे. गडद रंग म्हणजे जुनी, मुरलेली व्हिस्की अशी समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः स्कॉचच्या नियमांनुसार रंगासाठी साधा कॅरामल, म्हणजे जाळलेल्या साखरेचा रंग, घालण्याची मुभा आहे. म्हणूनच व्यावसायिक चाचण्यांत निळ्या काचेचे पेले वापरतात. त्यांतून रंग दिसतच नाही.

झाकून चाखण्याची कसोटी शास्त्रशुद्ध कशी करावी, याचा पाया मात्र व्हिस्कीने घातला नाही. तो चहाने घातला. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात एका बाईंनी दावा केला, की कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे आपण चवीवरून सांगू शकतो. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावर आठ कपांची परीक्षा सुचवली. चार कप एका रीतीचे, चार दुसऱ्या रीतीचे, क्रम चिठ्ठ्या टाकून. आठांतून चार निवडण्याचे ७० मार्ग आहेत. म्हणून निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. १९३५ च्या आपल्या ग्रंथात फिशर यांनी हे उदाहरण मांडले आणि आज औषधांच्या चाचण्यांपर्यंत सर्वत्र हीच तर्करीत चालते. व्हिस्कीच्या बाबतीत तिचे सुटसुटीत रूप म्हणजे तीन पेल्यांची परीक्षा. दोन पेल्यांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळी कोणती ते ओळखायचे. एकदा जमले तर त्याचे कौतुक नाही, ती तीनात एक अशी लॉटरी आहे. सलग पाच वेळा जमले तर अंदाजाची शक्यता २४३ मध्ये एक इतकी खाली येते. ‘मला दोन्हींतला फरक लगेच कळतो’ असे छातीठोक सांगणाऱ्यांपुढे हे तीन पेले ठेवून पाहावेत. मैफलीचा रंग बदलतो.

ओळखण्याच्या पुढची पायरी गुण देण्याची. शंभरपैकी गुण देण्याची पद्धत सर्वांत रूढ आहे. इंग्लंडचे लेखक जिम मरे यांनी वास, चव, गिळल्यानंतर रेंगाळणारी चव आणि एकंदर समतोल यांना प्रत्येकी २५ गुण ठेवले. कागदावर हे शंभर असले तरी प्रत्यक्षात बहुतेक परीक्षक सत्तर ते पंचाण्णव एवढ्याच पट्ट्यात फिरतात. शाळेच्या निकालासारखे काठावर पास होणारे इथे फारसे नसतात. त्यातही प्रत्येकाचा हात वेगळा. एखादा सढळ परीक्षक ज्याला ८८ देईल, त्याला कडक परीक्षक ८० वर थांबवील, आणि दोघांच्याही मते ती सारखीच चांगली असेल. म्हणून एका माणसाच्या गुणांपेक्षा त्याने त्याच बैठकीत दिलेला क्रम अधिक बोलका असतो. चौघांनी ८२, ८४, ८५ आणि ९३ असे गुण दिले तर सरासरी ८६ येते. पण ८६ च्या वर गुण देणारा एकच जण आहे. मधला अंक, म्हणजे साडेचौऱ्याऐंशी, वस्तुस्थितीला अधिक धरून असतो.

आणि हे गुण कितपत टिकाऊ? कॅलिफोर्नियातील रॉबर्ट हॉजसन हे वाइन उत्पादक आणि संख्याशास्त्राचे जाणकार. तेथील राज्य मेळ्याच्या वाइन स्पर्धेत त्यांनी परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीन वेळा वेगवेगळ्या क्रमांकाने देवविली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सुमारे दहा टक्के परीक्षकांनाच स्वतःच्या गुणांशी सुसंगत राहता आले. बाकीच्यांचे गुण त्याच वाइनला चार-चार अंकांनी वर-खाली होत होते. व्हिस्कीतील मद्यार्क वाइनच्या तिप्पट-चौपट असतो, जीभ लवकर बधिर होते. तेव्हा व्हिस्कीचे परीक्षक अधिक स्थिर असतील असे मानण्यास कारण दिसत नाही. ८६ आणि ८७ मधला फरक पाहून तीन-चार हजार रुपये जास्त मोजणारा ग्राहक म्हणजे आकड्याच्या नावाने नावच विकत घेणारा ग्राहक होय.

एकाच पिंपातल्या बाटल्यांबाबत आणखी एक अडचण आहे. गुण जाहीर होऊन लोकांपर्यंत पोहोचेस्तोवर त्या २८० बाटल्या बहुधा संपलेल्या असतात. पुढचे पिंप वेगळे. मग त्या गुणांचा उपयोग काय? उपयोग असा, की त्यातून पिंपे निवडणाऱ्याची पारख कळते. एखाद्या पेढीची दहा पिंपे नाव झाकून सातत्याने वर येत असतील, तर अकराव्यावर विश्वास टाकायला आधार मिळतो.

नाव झाकल्याने खरा लाभ कोणाला होतो, याचे उत्तम उदाहरण भारतातलेच, आणि मराठी वाचकाला आडनावाने जवळचे आहे. बंगळुरूची अमृत डिस्टिलरीज १९४८ मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी सुरू केली. त्यांचे पुत्र नीलकंठ जगदाळे यांच्या काळात भारतीय बार्लीपासून सिंगल माल्ट करण्याचे घाटले. जगातली सर्वांत मोठी व्हिस्कीची बाजारपेठ असलेल्या या देशात ‘व्हिस्की’ म्हणून विकले जाते त्यातले बरेचसे उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर आधारलेले, त्यामुळे युरोपात त्याला व्हिस्की म्हणायलाही परवानगी नाही. अशा देशातला माल्ट स्कॉटलंडमध्ये विकायचा म्हणजे नाव हाच मोठा अडसर. नीलकंठ यांचे चिरंजीव रक्षित त्या सुमारास इंग्लंडच्या न्यूकॅसल येथे व्यवस्थापन शिकत होते. ब्रिटनमधील भारतीय उपाहारगृहांत हा माल्ट खपेल का, याचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. ग्लासगोच्या ‘पॉट स्टिल’ या जुन्या पबमध्ये तो नाव न सांगता चाखायला देण्यात आला आणि पिणाऱ्यांना तो स्कॉचच वाटला. ऑगस्ट २००४ मध्ये ‘अमृत’चे विधिवत पदार्पण झाले तेही ग्लासगोतच. लेबल उघडे ठेवून ते दार उघडले असते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पुढची वाटही सोपी नव्हती. नाव कळल्यावर दुकानदार पुन्हा नाक मुरडत. जिम मरे यांनी २००५ च्या सुमारास ‘अमृत’ला ८२ गुण दिले, २०१० च्या आवृत्तीत ‘अमृत फ्युजन’ला ९७ गुण देऊन जगात तिसरे स्थान दिले. फ्युजन म्हणजे भारतीय बार्लीच्या माल्टशी पीटच्या धुरावर वाळवलेल्या स्कॉटिश बार्लीच्या माल्टचा संगम. त्यानंतर चित्र पालटले. भारतात हा माल्ट मिळू लागला तोही २०१० मध्ये, आधी बंगळुरूत. घरच्या गिऱ्हाइकाला घरचा माल पसंत पडण्यासाठी तो परदेशातून शिक्का घेऊन यावा लागतो, हा आपला जुना रिवाज इथेही चुकला नाही. गोव्याच्या पॉल जॉननेही २०१२ मध्ये पहिले पाऊल टाकले ते लंडनमध्ये. ब्लॅकॲडरसारख्या ब्रिटिश स्वतंत्र पेढीने ‘अमृत’ची पिंपे स्वतःच्या लेबलखाली भरली, तेव्हा तर वर्तुळ पूर्ण झाले. स्कॉचची पारख करणाऱ्यांनी भारतीय पिंप निवडून घेतले होते.

वयाच्या आकड्याचा भ्रम फोडण्याचे कामही या माल्टांनी केले. बंगळुरूत पिंपातून दर वर्षी दहा ते बारा टक्के व्हिस्की उडून जाते. अकरा टक्के धरले तर बारा वर्षांनी पिंपात जेमतेम पाव भाग उरेल. त्यामुळे तिथले माल्ट चार-पाच वर्षांतच बाटलीत जातात. उष्णतेने लाकडाचा अर्कही झपाट्याने उतरतो. चाखणाऱ्याला वय न सांगता दिलेला पेला तो सहज दुप्पट-तिप्पट वयाचा समजतो. लेबलवर ‘१८ वर्षे’ पाहून पाकीट उघडणाऱ्याने ही बाब ध्यानात ठेवावी. वय ही मुरण्याची मुदत आहे, मुरल्याची हमी नव्हे.

झाकून चाखण्यालाही मर्यादा आहेत. मोठ्या बैठकीत तीव्र, गोड, धुरकट व्हिस्की चटकन उठून दिसते आणि शांत, हळुवार व्हिस्की मागे पडते. भेळेनंतर वरणभात बेचव लागावा तसे. पूर्ण ताकदीची, ५५-६० टक्के मद्यार्काची व्हिस्की ४० टक्क्यांच्या शेजारी ठेवली तर कौल आधीच ठरल्यासारखा असतो. म्हणूनच उद्योगातील जाणकार नमुने पाणी घालून साधारण २० टक्क्यांवर आणतात आणि बहुतांश काम नाकाने उरकतात. शिवाय बनावट माल ओळखण्याची ही रीत नव्हे. महागड्या स्कॉचच्या रिकाम्या बाटल्यांना भंगारात भाव येतो तो पुन्हा भरण्यासाठीच. त्यावर उपाय बुचाचे सील, हॉलोग्राम आणि परवानाधारक दुकानातले बिल हाच. आयात सिंगल माल्टबाबत आणखी एक खूण उपयोगी आहे. नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करणे कायद्याने बंधनकारक आहे. मिश्र स्कॉच पिंपा-टाक्यांतून आणून भारतात बाटलीत भरता येते, सिंगल माल्ट येत नाही. ‘भारतात बाटलीबंद’ असे लिहिलेली सिंगल माल्ट स्कॉच दिसली तर ती घेऊ नये.

घरच्या घरी ही परीक्षा मांडायची तर फार सामग्री लागत नाही. चार-पाच जाणकार, तेवढे सारखे पेले, बाटल्यांना गुंडाळायला वर्तमानपत्र. ओतणाऱ्याने स्वतः चाखू नये आणि ओतून झाल्यावर खोलीत थांबूही नये. त्याच्या चेहऱ्यावरून बरेच काही कळते. पेल्यांना १, २, ३ देण्याऐवजी ४१७, ८६२ असे अर्थहीन आकडे द्यावेत, कारण पहिला क्रमांक मनाला पहिलाच वाटतो. प्रत्येकाचा चाखण्याचा क्रम वेगळा असावा. एक व्हिस्की गुपचूप दोनदा ठेवावी. तिला दोन्ही वेळा मिळालेले गुण पाहिले की कोणाच्या आकड्यांवर किती भिस्त ठेवायची ते कळते. चकणा नंतर, मसालेदार शेंगदाण्यांनी परीक्षेचा निकाल लागतो. अत्तर, उदबत्ती, खिडकीतून येणारी फोडणी, सगळे दूर ठेवावे. गुण कागदावर उतरेपर्यंत कोणी ‘वा’ म्हणू नये, कारण पहिला ‘वा’ बाकीच्यांच्या जिभा ठरवतो.

प्रमाणाचे गणित मात्र आधी करावे. १५ मिलिलिटरचे सहा नमुने म्हणजे ९० मिलिलिटर, दीड मोठा पेग, असे वाटते. पण ते ५८ टक्क्यांचे असतील तर त्यातला मद्यार्क ५२ मिलिलिटर भरतो, ४२.८ टक्क्यांच्या नेहमीच्या व्हिस्कीचे ते दोन मोठे पेग झाले. व्यावसायिक परीक्षक चाखून थुंकतात ते याच कारणाने. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, पिण्याचा परवाना लागतो आणि मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क चालत नाही. परीक्षकांची घरी परतण्याची सोय बाटल्या गुंडाळण्यापूर्वीच झालेली असावी.